पांडाला जुळी झाली तर

आमचे घरमालक आयुष्यात कधी लिफ्टमध्ये चढले नाहीत. चौथा मजला असो की सातवा, ते जिन्याने जात. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत आणि जो कोणी भेटेल त्याला विचारत, "बिल्डिंग कोन्त्या सालची आहे हो?" उत्तर काहीही आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. नवी असली तर आजकालच्या सिमेंटची काळजी, जुनी असली तर जुनेपणाची.

सक्करदऱ्यात तलावाच्या मागच्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर भाड्याने आम्ही दोघं. घराणं उमरेडचं, विणकरांचं. आजोबांच्या हातमागावर लुगडी निघत. वडिलांनी माग मोडून किराणा टाकला आणि हे शिकून ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राचे मास्तर झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. आम्हीही म्हणायचो.

सरांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असे. तिच्यावर त्यांचा रक्तगट, काकूंचा फोन नंबर आणि खाली "घाबरू नये" असं लिहिलेलं. हे कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्याले मी रस्त्यावर पडलेला सापडीन त्याच्यासाठी. तो घाबरला तं मले कोण उचलीन?" नरखेडला भाच्याकडे जायचं असलं की एसटीच्या तीन तास आधी स्टँडवर. दिवसातून दोनदा वर येऊन दारातून विचारणार, "गॅस बंद केला ना वं?" काकू खालून ओरडायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. "त्यायले पेन्शन भेटली," त्या म्हणायच्या, "पण काळजीची नोकरी काही सुटली नाही."

पहिल्या दिवशी घर बघायला गेलो तेव्हाचं सांगते. माझ्या पर्सला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता आणि त्याला एक करड्या केसांचं मऊ जनावर. सरांनी आमचं नाव, गाव, नोकरी काही विचारलं नाही. त्या जनावराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय आहे?"

"पांडा," मी म्हटलं.

नवऱ्याने मला सावरून घेतलं. "पांडा काळापांढरा असतो गं. हे कोआला अस्वल आहे, सर."

सर जिन्याच्या पायरीवर बसले. आम्हालाही बसवलं. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. एरवी ते उमरेडचं बोलत, पण प्राण्यांचा विषय निघाला की त्यांची भाषा बदलायची. पुस्तकी, स्वच्छ, वर्गातली.

"कोआला हे अस्वल नाही," ते म्हणाले. "त्याचा अस्वलाशी संबंध तेवढाच, जेवढा उद्यापासून तुमचा माझ्याशी. एका घरात राहिलो म्हणून नातं लागत नाही. तो ऑस्ट्रेलियाचा, कांगारूच्या बिरादरीतला. मादीच्या पोटाला पिशवी असते. पांडा चीनचा, आणि तो मात्र खरोखर अस्वल आहे. लोक दोघांना एका माळेत ओवतात, कारण दोघंही गुबगुबीत आहेत आणि दोघंही एकेका झाडाच्या जिवावर जगतात. पण पोट उघडून पाहा. निलगिरीचा पाला विषारी. तो पचवायला कोआलाकडे भलंमोठं आंधळं आतडं आहे. त्यात पाला कितीतरी वेळ मुरतो. त्यातून ताकद थोडीच मिळते, म्हणून तो बहुतेक दिवस झोपून काढतो. पांडाचं आतडं मांस खाणाऱ्याचं, आखूड. बांबू धड पचतच नाही, बराचसा आत जातो तसाच बाहेर पडतो. म्हणून तो दिवसभर खात बसतो. एक झोपून जगतो, दुसरा खाऊन."

मग आवाज उतरला. "दोघांचीही मला काळजी वाटते. एकाच झाडावर सगळा संसार. ते झाड गेलं की?"

ही काळजी खरी होती. गडचिरोलीकडे बांबूला फुलोरा आल्याची बातमी पेपरात दिसली की सर अस्वस्थ व्हायचे. फुलोरा आला की बन मरतं. इथलं मरतं तसं चीनमधलंही कधीतरी मरणार, आणि मग ते दिवसभर खाणारं जनावर काय खाणार, या विचाराने त्यांचा चहा गार होई.

घर त्यांनी दिलं. "दोघंही नापास आहात," म्हणाले, "पन शिकवता येईन."

पुढच्या चौकात एक बालवाडी होती. तिच्या भिंतीवर पेंटरने कोआला काढला, हातात बांबू देऊन. सर तीनदा सांगून आले. बाईंनी हो हो म्हटलं आणि काही केलं नाही. एका रविवारी सर हिरव्या रंगाचा डबा आणि स्टूल घेऊन गेले आणि बांबूच्या जागी निलगिरीची पानं रंगवून आले. पानं लांबट, जरा वाकडी, अगदी बरोबर होती. पण भिंतीवर ती हिरव्या मिरच्यांसारखी दिसायला लागली. सोमवारपासून बालवाडीतली पोरं त्याला मिरच्या खाणारं अस्वल म्हणू लागली. सरांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "आधी एक चूक होती," ते मला म्हणाले, "मी तिच्या दोन करून ठेवल्या." मी हसले. ते हसले नाहीत. चुकीचं काही आपल्या हातून एखाद्याच्या डोक्यात गेलं, ही गोष्ट त्यांना हसण्यासारखी कधीच वाटली नाही. मास्तर असताना एकदा वर्गात काही चुकीचं सांगितलं गेलं, म्हणून संध्याकाळी सायकलवरून पोरांच्या घरोघर जाऊन दुरुस्त करून आले होते. हे काकूंनी सांगितलं.

लग्नाच्या सहाव्या वर्षी मला दिवस गेले. सोनोग्राफीत जुळं निघालं. सरांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावली. कठडा हलतो का ते रोज बघायचे. मला वाटायचं, एवढी काळजी कोणी आपल्या वाटची करून टाकली की आपल्याला करावी लागत नाही. तसं नसतं. सातवा महिना नुकताच लागला होता. एका सकाळी ऑफिसला निघताना पायांवरून पाणी वाहिलं आणि दुपारी दोनच्या आत माझी दोन्ही मुलं काचेच्या पेट्यांत होती.

मुलगा सव्वा किलोच्या थोडा वर. मुलगी किलोही भरली नव्हती. तिचं डोकं माझ्या मुठीत मावलं असतं, पण मुठीत घ्यायची परवानगी नव्हती. ती मधेच श्वास घ्यायचं विसरायची. मशीन वाजायचं, सिस्टर येऊन तिच्या तळव्याला टिचकी मारायची, मग तिला आठवायचं. मी पेटीशेजारच्या स्टुलावर बसून ते मशीन कधी वाजतं याची वाट बघायची. वाजलं की जीव जायचा, आणि बराच वेळ वाजलं नाही की मशीनच बिघडलं असं वाटायचं.

सासूबाई नरखेडकडच्या गावाहून आल्या. संत्र्याची बाग, दोन गाई, सगळं शेजारणीवर टाकून. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, तो संध्याकाळी यायचा. दुपारी चार ते पाच भेटायची वेळ. त्या वेळेला सर चार मजले चढून यायचे. आत फक्त मला जाता येई, म्हणून आम्ही बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसायचो. ते मुलांबद्दल काही विचारायचे नाहीत. कोआलाबद्दल बोलायचे.

"जन्मतो तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढा असतो," ते सांगायचे. "डोळे मिटलेले, कान नाहीत, अंगावर केस नाही. आई त्याला उचलून घेत नाही. तो स्वतः आईच्या केसांना धरून चढतो आणि पिशवीत शिरतो. पुढचे सहा महिने तिथेच. जन्म झाला असं आपण म्हणतो, पण त्याचा खरा जन्म नंतर होतो. तुझी मुलं जन्मली नाहीत अजून, एवढंच समज. पिशवीत आहेत."

हे मला फार पुरलं. सिस्टर मुलाला माझ्या उघड्या छातीवर ठेवायला लागल्या. असं ठेवण्याला त्या कांगारू म्हणत. "कांगारू द्यायला या, ताई." पुस्तकी भाषेत सर म्हणाले, "नाव योग्य दिलं आहे. कोआलाही चाललं असतं." तो ऊन ऊन जीव छातीवर घेऊन मी तासन् तास बसायची आणि समोरच्या पेटीत मुलगी एकटी असायची.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मुलीला इन्फेक्शन आहे, अठ्ठेचाळीस तास बघू. मी बाहेर आले तेव्हा सासूबाई बाकावर होत्या. त्यांनी माझा हात धरला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः दोन लेकरं घालवली होती.

"सूनबाई, आईक," त्या म्हणाल्या. "पोट्ट्याले धरून राह्य. दोन्हीकडे जीव टाकशीन तं दोन्ही हातचे जातीन. पोरीले देवाच्या हवाली कर."

मी हात तसाच राहू दिला. मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं, आणि हे कोणाला सांगता येत नव्हतं. गेले दोन दिवस मी मुलीच्या पेटीकडे कमी बघत होते. ठरवून नाही. मान तिकडे वळत नव्हती.

चार वाजता सर आले. सासूबाई चहाला खाली गेल्या होत्या. मी विचारलं, "सर, पांडाला जुळी होतात का?"

ते सावध झाले. "होतात. बऱ्याचदा होतात."

"पिल्लू केवढं असतं?"

"आईच्या मानाने अगदी क्षुल्लक. गुलाबी, उंदरासारखं. तिला पिशवी नसते. पंजात धरून छातीशी लावून बसते. पहिले काही दिवस खायला-प्यायलाही उठत नाही."

"आणि दोन झाली तर? दोन कशी धरते?"

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला, लावला, पुन्हा काढला. मी वाट बघत होते. आत मशीन वाजलं, बंद झालं.

"दोन्ही वाढवते ना वं," ते म्हणाले. "आई आहे ते. काहून नाही वाढवणार?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. हा माणूस कोआलाला अस्वल म्हटलं तर घर दाखवायच्या आधी पायरीवर बसवून दुरुस्त करत होता, तो मला पांडाबद्दल खोटं सांगेल असं मनात येणं शक्य नव्हतं. मी आत गेले आणि मुलीच्या पेटीपाशी स्टूल ओढलं. सिस्टरला म्हटलं, हिला छातीवर कधी घेता येईल ते मला सांगा, ज्या क्षणी घेता येईल त्या क्षणी. तोवर हात धुऊन भोकातून आत घातला आणि बोट तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते धरलं.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरे आहेत. कॉलेजच्या लायब्ररीत बसून राहिले दोन दिवस. काय शोधून राहिले, सांगत नाहीत."

अठ्ठेचाळीस तासांचे चार दिवस झाले. इन्फेक्शन हटलं. मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, मुलीलाही कांगारू सुरू करू. पण माझ्यात तेवढं राहिलं नव्हतं. टाके दुखत होते, दूध काढण्यात अर्धा दिवस जायचा, मुलाला घेऊन बसलं की पाठ धरायची. एकाला घेतलं की दुसरं पेटीत. तेव्हा दारातून सासूबाई आत आल्या. हिरवा गाऊन घातलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले, चेहरा लाजेने लाल.

"सिस्टर म्हणते मले बी घेता येते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आण इकडे पोरीले."

त्या साठीच्या बाईने भर वॉर्डात गाऊन आणि पदर बाजूला सारला आणि नातीला छातीवर घेतलं. सिस्टरने वरून दुपटं बांधलं. सासूबाई दीड तास हलल्या नाहीत. खोकलाही दाबून धरला. त्या दीड तासात मशीन एकदाही वाजलं नाही. पुढे महिनाभर त्या रोज येऊन बसल्या. नातीचं वजन रोज त्या आपल्या बोटांवर मोजायच्या आणि दहा ग्रॅम कमी भरलं की दुपारी जेवायच्या नाहीत.

मुलं घरी आली तेव्हा सर फाटकात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला विचारत, "सर्दी आहे का? घरी कोणाले ताप?" बारशाला आलेल्या माझ्या मावसभावाला त्यांनी एका शिंकेवरून परत पाठवलं.

चार वर्षांनी, एका दुपारी, मुलगी मोबाइलवर पांडाचा व्हिडिओ बघत होती. मी भाजी निवडत होते. मोबाइलमधला माणूस सांगत होता की जंगलात पांडाला जुळी झाली तर आई सहसा एकच पिल्लू सांभाळते. दुसरं तसंच पडून राहतं आणि मरतं. मी व्हिडिओ पुन्हा लावून ऐकला. मुलीने विचारलं, "दुसरं कुठं गेलं, आई?" मी तिला म्हटलं थांब, आणि खाली गेले.

सर अंगणात पेपर वाचत होते. मी विचारलं, "सर, पांडा दोन्ही पिल्लं वाढवते?"

त्यांनी पेपर घडी केला.

"नाही," ते म्हणाले. "एक टाकते. मला त्या दिवशीही माहीत होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी चार मजले उतरून ते खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावतात तिथे कट्ट्यावर बसून राहिले होते. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळेना. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत गेले, आपलं वाक्य कुठून तरी खरं निघतं का ते बघायला. अर्धं निघालं. चीनमध्ये पाळलेल्या पांडांना जुळी झाली की माणसं एक पिल्लू आईजवळ ठेवतात आणि एक काचेच्या पेटीत. मग आईपुढे मधाचं पाणी ठेवायचं आणि ती चाटत असताना पिल्लं बदलायची. असं दिवसातून कितीदा तरी. दोन्ही जगतात. हे वाचून सर दवाखान्यात आले होते, पण माझ्याकडे नाही. खाली चहाच्या टपरीवर सासूबाईंना गाठून त्यांनी हे सांगितलं.

"एका परक्या बाईला, छातीवर लेकरू घ्या, असं कसं म्हणायचं? चहाचे दोन कप झाले तरी मला वाक्य सापडेना. शेवटी पांडाचंच सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, त्या पांड्याले सासू नसते काय गुरुजी? मी म्हटलं, नसते. मग त्या उठून गेल्या."

मला हसू आलं आणि रडूही. सर मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

"माझं वाक्य अर्धं खोटं होतं. ते अर्धं तुझ्या सासूबाईंनी खरं केलं. पण मले एक सांग," त्यांची भाषा घसरली, "ते पोरगी गेली असती तं? तुले मी दोघांत जीव अडकवायले लावला. तू तुटली असती ना वं. तुनं मले येऊन विचारलं असतं, सर, खोटं काहून सांगतलं? तं मी काय म्हणणार होतो? चार वर्षं झाली, रोज सकाळी उठून ते उत्तर तयार करून राहिलो मी. जमत नाही."

पोरगी वर जिन्यात उभी होती, आमच्याकडे बघत. चांगली धडधाकट, नाकात बोट घातलेली. आणि हा माणूस चार वर्षं तिच्या न झालेल्या मरणाचा जाब देत बसला होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर हे असेच बसतील. खरं हे होतं की मी शब्दाला शब्द विश्वास ठेवला होता. त्या एका वाक्यावर मी स्टूल ओढलं होतं.

"सर," मी म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं, तुम्ही खोटं बोलताय ते."

त्यांनी वर पाहिलं.

"मला आधीपासून माहीत होतं पांडाचं. कुठंतरी वाचलं होतं. मला फक्त बघायचं होतं तुम्ही काय म्हणता. पोरीला धरायचं हे मी तुम्हाला विचारायच्या आधीच ठरवलं होतं. ती गेली असती तरी ते माझं ठरवणं होतं, तुमचं नाही."

ते माझ्या चेहऱ्याकडे तपासल्यासारखं बघत राहिले. आयुष्यभर पोरांची उत्तरं तपासलेला माणूस. मी नजर हलू दिली नाही.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, सर."

त्यांनी श्वास सोडला. खुर्चीत मागे टेकले. त्यांना टेकून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. काकूंनी आतून विचारलं चहा ठेवू का, तर उत्तर आलं नाही. पेपर मांडीवर तसाच ठेवून, भर दुपारी, अंगणात उन्हाची तिरीप पायावर येत असताना, सरांना झोप लागली होती.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तोवर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.